आधी पाणी

कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून पोस्टमन सतरा नंबरच्या दाराशी वाकला आणि बेलशेजारच्या पाट्या वाचू लागला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण खोड काही गेली नव्हती. लेकीच्या शहरात येऊन आठ दिवस झाले होते. बाकीचे पाहुणे पूल बघतात, पुतळे बघतात. हा दारं बघत हिंडत होता. शहरही पायांना मानवणारं होतं. एकेका दाराला दहा-दहा बटणं आणि प्रत्येक बटणापुढे निराळ्या मुलखातलं नाव. काही लिप्या उजवीकडून वाचायच्या की डावीकडून, एवढंही त्याला उमगत नव्हतं.

"एक दिवस इथे टपाल वाटायला मिळालं असतं ना!" तो काल लेकीला म्हणाला होता.

"दुपारपर्यंत रडकुंडीला आला असता, बाबा."

चौथ्या बटणापुढे जावयाचं नाव होतं.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. जावई कंपनीच्या कामाने तीन आठवडे परगावी गेला होता. निदान लेकीने तसं सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या शहरात त्या नावाचा दुसरा माणूस असेलही. पण अक्षर? आडनावाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी ओढून अख्ख्या नावाखाली नेणारं हे वळण त्याच्या ओळखीचं होतं. लग्नाआधी वर्षभर त्याच वळणाची पत्रं त्याने आपल्या पिशवीतून आणून आपल्याच लेकीच्या हातात ठेवली होती. त्या नावाखाली एका बाईचं नाव होतं. तेही त्याच हाताने लिहिलेलं.

बाजाराची पिशवी घेऊन एक म्हातारी मागे येऊन उभी राहिली. कोण हवंय, असं तिने आपल्या भाषेत विचारलं असावं. त्याची नजर कुठे आहे ते पाहून तिने मदतीच्या भरात चौथ्या बटणाकडे बोट नेलं. पोस्टमनने तिचं मनगटच धरलं. मग ओशाळून सोडलं, हात जोडले आणि तो जवळजवळ पळतच गल्लीबाहेर आला.

घर वीस मिनिटांवर होतं. त्याने दीड तास लावला. पोरीला काही ठाऊक नाही, ती बिचारी नवऱ्याची वाट बघत बसलीय, या विचाराने तो कोपऱ्याकोपऱ्यावर थांबत होता. चौतीस वर्षांत त्याने कितीतरी वाईट तारा वाटल्या होत्या. त्याची एक रीत होती. तार पिशवीतच ठेवायची आणि दारात आधी पाणी मागायचं. माणूस आत जातो, पेला भरून आणतो. तेवढ्यात घरात सोबतीला कोण आहे ते बघून घ्यायचं. मग म्हणायचं, बसा, घोटभर तुम्हीच प्या. तार त्यानंतर. घरात सगळ्यांना ही रीत माहीत होती. जेवताना त्याने उगाच पाणी मागितलं तरी बायको दचकायची.

लेकीने दार उघडलं. "किती उशीर! आज कुठल्या बाजूला गेला होता?"

तो खुर्चीत बसला. बूटसुद्धा काढले नाहीत.

"ठमे, जरा पाणी आण."

ती जागच्या जागी थांबली. मग आत गेली, पेला भरून घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवला.

"बस इथे," तो म्हणाला. "घोटभर तू पी."

"तुम्ही प्या, बाबा." ती समोर बसली. "माझं पिऊन झालंय. चार महिने झाले."

पेल्याकडे गेलेला त्याचा हात टेबलावरच राहिला.

"आपल्या दारावर दोघांची नावं आहेत," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही आल्या आल्या पाटी वाचणार, ठाऊक होतं मला. म्हणून तुम्ही यायच्या आदल्या दिवशी पुन्हा लावली." ती हसायला गेली, पण ते काही जमलं नाही. "अख्खं शहर वाचून काढाल, हे मात्र लक्षात आलं नाही."

त्याला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आठ दिवस ही पोर त्याला गरम पोळ्या वाढत होती आणि तो तिला पुलांच्या गमती सांगत होता. त्याने पेला उचलून एका दमात रिकामा केला.

टेबलावरचा फोन वाजला. संध्याकाळचा, तिच्या आईचा. रोज पहिला प्रश्न ठरलेला असायचा, जावई आले का?

लेकीने त्याच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. डोळे भरून आले होते. "मला नाही जमणार, बाबा."

पोस्टमनने फोन कानाला लावला.

"हं, मीच बोलतोय. जेवलो, हो. अगं, शेजारच्या वहिनी आहेत का घरी? बोलाव त्यांना." त्याने रिकामा पेला बाजूला सरकवला. "आणि हे बघ, पेलाभर पाणी घे, नि बस."

 पलीकडून नळाचा आवाज आला.