हर्षाने मारलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय आणि पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे. पण हसू नका हं, नागपूरच्या सभागृहात मी टाळ्या ऐकल्या आहेत!

कारखान्यातून चकचकीत होऊन मी नागपूरजवळच्या खाप्याच्या शाळेत आलो, तेव्हा माझे काय लाड झाले! मग कुणीतरी मला आपटलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. तीन वर्षं धूळ खाल्ली. यंदा शामला मॅडमनी मला बाहेर काढलं. मुलांनी फोटो जोडायचे आणि स्वतःच्या आवाजात इंग्रजीतून गोष्ट सांगायची, अशी त्यांची कल्पना. तयार गोष्टी नागपूरला मोठ्या पडद्यावर दाखवणार होते.

मी सातवीतल्या हर्षाच्या वाट्याला आलो आणि तिच्या घरी गेलो. इंग्रजीचा तास आला की ही मान खाली घालून बसायची. तिने आजोबांच्या हातमागाचे झकास फोटो काढले. पण बोलताना एक शब्द अडला, की सगळं पुसून पहिल्यापासून सुरू! एकेचाळीस वेळा पुसलं. गोष्ट शनिवारी द्यायची आणि शुक्रवारची संध्याकाळ झालेली. माझा तर जीव टांगणीला लागला.

"मले नाही जमत, आबा," हर्षा रडवेली झाली.

मागावर बसलेल्या रुपराव आजोबांनी विचारलं, "पुसून काहून राहिली वं?"

"मधातच अडखळली ना मी."

"धागा तुटला त आम्ही अख्खं लुगडं फाडतो का? गाठ मारतो अन् समोर विणतो. तूही मार गाठ."

हर्षाने पुन्हा बटण दाबलं. चौथ्या फोटोला अडखळलीच. बोट पुसायच्या खुणेकडे गेलं आणि थांबलं. तिने श्वास घेतला, तोच शब्द पुन्हा म्हटला आणि सुसाट निघाली! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

रविवारी मला नागपूरच्या मोठ्या पडद्याला जोडलं. ते अडखळणं सगळ्यांना ऐकू गेलं. हर्षाने डोळे घट्ट मिटले. पण पुढचा खणखणीत आवाजही सगळ्यांनी ऐकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर आल्यावर नागपुरातल्याच मनीषनगरची एक मुलगी हातमागाबद्दल इंग्रजीतच विचारू लागली. हर्षाने उत्तर दिलं. मध्येच अडखळली आणि पुढे बोलत राहिली!

मित्रांनो, मला वेळेवर चार्ज करा, कपाटात कोंडू नका, एवढंच मागतो. आणि बोलताना अडखळलात, तर आवाज पुसू नका. हर्षाची ती पहिली गाठ मी अजून जपून ठेवली आहे.