नारायणी नावाची एकच फाइल

"चेट्टा, 'नारायणी' नावाचं फोल्डर आधी तयार केलं होतंत ना?" शायनी टीचरने विचारलं.

वाचनालयाच्या कॉम्प्युटरसमोर बसलेला भार्गवन, सगळ्यांचा 'चेट्टा' म्हणजे थोरला भाऊ, तिच्याकडे वळला. "नाव टंकलं की होतंच ना ते?"

एकतीस वर्षं त्याने गावच्या वाचनालयाची कपाटं लावली होती. नसलेल्या कपाटात पुस्तक ठेवण्याइतका तो खुळा नव्हता. पण इथला कॉम्प्युटर म्हातारा; काळ्या पडद्यावर हुकूम टंकायचे, एवढंच त्याच्यात उरलं होतं. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या शायनीने वहीत चार हुकूम लिहून दिले होते. त्यातला 'एमव्ही' म्हणजे फाइल हलव.

भातलावणीची जुनी गाणी येणारी नारायणीअम्मा गेल्या महिन्यात गेली. दोन पावसाळे तिच्या ओसरीवर बसून भार्गवनने रेकॉर्डरवर तिच्या आवाजाच्या सदतीस फाइली भरल्या होत्या. त्या एका जागी असाव्यात म्हणून परवा त्याने एकेक 'नारायणी'त हलवली. सदतीस वेळा. मशीनने हूं की चूं केलं नाही.

"फोल्डर नसलं की त्याला वाटतं, फाइलीचं नाव बदलायचंय," शायनी हळूच म्हणाली. "पहिलीचं नाव 'नारायणी' झालं. दुसरीचंही तेच, मग पहिली पुसली गेली. असं करत शेवटची तेवढी राहिली."

"आणि विचारलं नाही मला?"

"ते विचारत नाही, चेट्टा. गप्प राहिलं म्हणजे काम झालं, असंच समजायचं असतं."

"मी तेच समजलो ना गं!"

रेकॉर्डरचं कार्ड तो दर वेळी पुसून पुन्हा वापरायचा. शायनीने सकाळभर खटपट केली होती. काही हाती लागलं नाही. भार्गवनला रडावंसं वाटत होतं, पण साठीच्या माणसाने वाचनालयात रडायचं तरी कसं?

तेवढ्यात अम्माची मुलगी सरोजिनी पेन ड्राइव्ह घेऊन आली. "सगळी द्या हं, चेट्टा. माझा जन्म दुबईत गेला, अम्माचं एक गाणं धड ऐकलं नाही मी. आधी एखादं लावा तर खरं."

भार्गवनने शायनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्याने उरलेली फाइल लावली.

आधी कोंबडी कलकलली. मग नारायणीअम्माचा आवाज आला, "आज गाणं नको रे, भार्गवा. घसा बसलाय. चहा घे गुमान. गाणी काय, आता तुझ्याकडे आहेतच की सगळी."

सरोजिनी हसली, पदराने डोळे पुसत खुर्ची स्पीकरजवळ ओढून बसली.

"हं," ती म्हणाली, "आता पहिल्यापासून लावा."