मऊ सीट

दोन दिवसांनी पहाटे लेक दोनशे किलोमीटरच्या सायकलफेरीला निघणार होती आणि सोफेवाल्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पंधरवड्यात त्याने तिच्या सायकलची सीट तीनदा उसवून पुन्हा शिवली. फोम वाढवला, रेक्झिन ताणून बसवलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि दर वेळी स्वतः चढून बसला. तीस वर्षं त्याची हीच रीत. सोफा असो की खुर्ची, आधी तो बसणार, मग गिऱ्हाईक. त्याच्या बुडाने पास केलेला माल आजवर परत आला नव्हता.

गेल्या वर्षी मात्र त्यानेच शिवलेल्या सीटवर निघालेली लेक एकशेवीस किलोमीटरवरूनच टेम्पोत बसून परत आली. "गुडघा दुखला," एवढंच म्हणाली आणि आठवडाभर तोंड पाडून हिंडली. यंदा पुन्हा तसंच झालं तर सायकल विकून टाकणार, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. गुडघ्याला मलम आणि सीटला फोम, एवढंच त्याच्या हातात होतं.

म्हणून आज तो सीट काखोटीला मारून नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे गेला. "आणखी एक थर टाकू का?"

सायकलवाल्याने सीट दाबली आणि तोंड वाकडं केलं. "ही सीट आहे का उशी? अहो, यात माणूस रुततो. बुडाची हाडं खाली जातात, मधला फोम वर येतो आणि नको तिथे दाबतो. तासाभरात देव आठवतात."

"म्हणजे कडक हवी?"

"कडक, आणि हाडांच्या मापाची. पोरीला पुठ्ठ्यावर बसवा. दोन खळगे पडतील, त्यांच्यातलं अंतर मोजून आणा. पण आठच्या आत या, मी शटर ओढतो."

सोफेवाला मटकन बाकावर बसला. रुतणाऱ्या सोफ्याने कंबर जाते, हे गिऱ्हाइकांना सांगण्यात त्याची हयात गेली होती. लेकीचा प्रश्न आला तेव्हा नेमकी अक्कल गहाण पडली. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पुठ्ठा घेऊन तो घरी आला खरा, पण सांगायचं कसं? तरण्याताठ्या लेकीकडे बापाने बुडाचं माप मागायचं? बायको कामावरून आठनंतर यायची. तो स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी सवयीने स्वतःच पुठ्ठ्यावर बसला आणि खळगे मोजले. तेवढ्यात लेक आली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"माप आहे. म्हणजे... हाडांचं. सीटसाठी." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

लेक खो खो हसली. पुठ्ठा उलटा करून स्टुलावर बसली, उठली आणि म्हणाली, "घ्या मोजून."

त्याचं अकरा सेंटिमीटर होतं, तिचं साडेतेरा. त्याने पुन्हा टेप लावली. पुन्हा साडेतेराच.

"तुझी सीट मी माझ्या बुडाच्या मापाने शिवत होतो," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीने त्याच्या हातातली टेप काढून घेतली. मग म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी माझा गुडघा दुखलाच नव्हता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दर वेळी इतक्या हौसेने विचारायचात, 'मऊ आहे ना?' मऊ तर होतीच."

बापाच्या हाताला बोल लागू नये म्हणून वर्षभर पोरीने सगळं गुडघ्यावर ढकललं होतं, आणि तो तिला मलम आणून देत होता. घड्याळात आठला दहा कमी होते. चपला न घालताच त्याने बिनसीटची सायकल बाहेर काढली आणि ढकलत सुटला. मागून लेक त्याच्या चपला घेऊन धावली.

सायकलवाल्याने अर्धवट ओढलेलं शटर वर केलं आणि मागे रुंद असलेली एक कडक सीट चढवली. सोफेवाल्याने अंगठा दाबून पाहिला. नुसतं लाकूड! जिभेवर आलेलं त्याने कसंबसं गिळलं. लेक गल्लीत चार फेऱ्या मारून आली आणि एक पाय टेकवून थांबली.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

लेकीने सायकलवाल्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"हो. डाव्या बाजूच्या हाडाला."

या वेळी गुडघ्याचं नाव नव्हतं. सोफेवाल्याचा जीव भांड्यात पडला. "उतर," तो म्हणाला आणि सायकलवाल्यापुढे हात केला, "पाना द्या बघू इकडे."