कोपऱ्यापासून चार बोटं

भाचीने चौथ्यांदा जाळी बारीक केली आणि कोपऱ्यातला आकडा पुन्हा चढला. कारखान्याच्या मजल्यावर बसवायची पोलादी प्लेट होती ती. मधोमध पाइपासाठी चौकोनी भोक, वर जड यंत्र आणि यंत्राभोवती दिवसभर वावरणारी सहा माणसं. प्लेटवर कुठे किती ताण येईल हे बघायला कॉम्प्युटरवर तिचे जाळीसारखे तुकडे पाडतात. तुकडे मोठे ठेवले की प्लेट गुणी बाळासारखी पास होते. भोकाच्या कोपऱ्यांपाशी बारीक केले की तिचं पितळ उघडं पडतं.

ऑफिस मामांचं. हे काम तिला त्यांनीच बोटाला धरून शिकवलं होतं, म्हणून तर तिचा जीव जास्त जळत होता.

"अगं, अशा कोपऱ्यात आकडा वाढतच जाणार," मामा म्हणाले. "केसाएवढी जाळी कर, तरी थांबायचा नाही. गणिताचं भूत आहे ते. विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणूनच कोपऱ्यातला आकडा धरलाच नाही. चार बोटं अलीकडचा धरलाय. शेवटच्या दोन जाळ्यांत तो जागचा हललेला नाही, मामा. आणि हद्दीच्या सव्वापट आहे."

मामांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, आणि याचाच तिला जास्त राग आला.

"प्लेट कापून झालीय. दुपारी ट्रक निघणार. सही कर, शहाणपणा पुरे."

"नाही करणार."

"मला अक्कल शिकवतेस?" मामांनी ड्रॉइंग ओढलं आणि खाली झोकात स्वतःची सही ठोकली. "तुझ्यावाचून काही अडत नाही."

ते तिला लागलं. डोळे भरून आले, पण तिने ते पुसलेही नाहीत. मामांच्याच टेबलावरचा फोन उचलून तिने वर्कशॉपला लावला.

"फोरमनकाका, प्लेट पाठवू नका. कोपरे गोल करायचेत, खालून पट्ट्या जोडायच्यात. नवं ड्रॉइंग आज देते."

मामांनी तिच्या हातातून फोन हिसकावला. "काही ऐकू नका तिचं! माझी सही झालीय."

"तुमची झाली, साहेब," पलीकडून फोरमन शांतपणे म्हणाला. "हिशेब करणारीची?"

"माझी नाही!" ती टेबलापलीकडून ओरडली. "होणारही नाही!"

 फोनमधून यंत्रांच्या घरघरीवर फोरमनचा आवाज घुमला, "ए, क्रेन थांबव रे! प्लेट खाली घे."