इंजिनाची टोपी

"इंजिनाला सावली नको असते माया, वारा लागतो."

ओगुलमायाचे वडील हे म्हणाले तेव्हा ती सात वर्षांची होती. मोटारसायकलच्या साइडकारमध्ये पाण्याच्या डब्यांना टेकून बसली होती आणि दातांत वाळू करकरत होती. वडील ट्रॅक्टरच्या गॅरेजात मिस्त्री. ते सांगत, ऊन चढलं की हवा पातळ होते, एका घोटात इंजिनाला पुरेसा श्वास मिळत नाही. मग गाडी दमते, चढ घेत नाही. दमली तर दमू द्यावी, सकाळी लवकर निघावं. मात्र तिचं अंग वाऱ्यावर उघडं राहिलं पाहिजे. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आवाज तेवढा राहिला होता, ताज्या रोटीच्या वासासारखा, कधीही, कुठेही येणारा.

ती आता काराकुमच्या वाळूत, हलमुरादआगांच्या घरची सून होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी सासऱ्यासमोर तिच्या रुमालाचं टोक दातात असायचं. सासरा स्वतः मोकळीक देईपर्यंत सुनेनं त्याच्याशी बोलायचं नाही, ही रीत. काही सांगायचंच असेल तर सासूच्या, तावुसच्या कानात सांगायचं. तावुस ते मोठ्यानं म्हणायची. चहा झाला, उंटीण दूध देत नाही, गॅस संपला, सगळं असं सासूच्या तोंडून फिरून जायचं. नवरा दूर वायूच्या विहिरींवर कामाला, महिन्यातून एकदा घरी.

यंदा जूनमध्येच ऊन पेटलं. घरची दोनशे मेंढरं चारी नावाच्या मेंढपाळाजवळ, तीस किलोमीटरवरच्या विहिरीवर होती. तिथलं पाणी खारट, मेंढरांना चालतं, माणसाला नाही. दर तीन दिवसांनी हलमुरादआगा चारीला पिण्याचं पाणी पोचवत. साइडकारवाली जुनी मोटारसायकल, दोन्ही बाजूंना पोटऱ्यांसारखे बाहेर आलेले सिलिंडर. सकाळी ती झपाझप जायची, दुपारी टेकडीच्या पायथ्याशीच धापा टाकायची. आगा आधी पेट्रोलवर रागावले, मग प्लगवर. शेवटी एके दिवशी चहा पिता पिता त्यांनी डोक्यावरची मेंढीच्या कातड्याची झुबकेदार टोपी चाचपली आणि म्हणाले, एवढ्या उन्हात आपलं डोकं शाबूत राहतं ते या लोकरीमुळे. मग या बिचारीनं काय पाप केलंय? तिलाही टोपी पाहिजे. सुनेला सांग, लोकरीच्या जाड नमद्याची करायला.

ओगुलमाया किटली धूत होती. तिचा हात थांबला. सासू हाताच्या अंतरावर होती. कानात चार शब्द सांगितले असते तर झालं असतं.

ती किटली धूत राहिली.

तिनं लोकर पिंजली, वेताच्या चटईवर अंथरली, वर गरम पाणी शिंपडलं आणि चटईची गुंडाळी कोपरांखाली दिवसभर लाटली. नमदा असा बसला की बोटानं दाबला तरी खळगा पडेना. त्याच्या दोन टोप्या कापल्या, कडेला लाल दोऱ्यानं मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढली. सिलिंडरवर त्या अचूक मापात बसल्या. हलमुरादआगांनी हात फिरवून पाहिलं आणि तावुसला म्हणाले, "असा नमदा माझ्या आईनंतर कुणी केलेला नाही. सांग तिला."

सांगायची गरज नव्हती, ती तिथंच होती. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या कामाला या घरात कुणी चांगलं म्हटलं होतं. रात्री झोपताना तिनं ते वाक्य दोनदा आठवून पाहिलं. दोन शेजारी टोप्या बघून गेले, आपल्याही गाड्यांना करून दे म्हणाले. तिनं त्यासाठी लोकर भिजत घातली.

पहिल्या दोन खेपा पहाटेच्या होत्या, निभावल्या. तिसऱ्या खेपेला टायर पंक्चर होता, निघायला साडेअकरा झाले. टोपी आहे की, म्हणत आगा गेले. अडीचपर्यंत यायला हवे होते. तीन वाजले. तावुसचे गुडघे धरलेले. तिनं पाण्याचे दोन डबे उंटिणीवर लादून दिले आणि सुनेला म्हणाली, "तू जा. चाकोरी सोडू नकोस."

नऊ किलोमीटरवर गाडी दिसली. हलमुरादआगा साइडकारच्या वीतभर सावलीत बसले होते, बोडक्या डोक्यानं. ओगुलमायानं त्यांचं डोकं कधी पाहिलं नव्हतं. पांढरं, लहान, एखाद्या आजारी पोरासारखं. त्यांनी स्वतःची टोपी काढून इंजिनावर ठेवली होती, नमद्याच्या वर. गाडी तापून थांबायची, निवली की थोडी चालायची, आणि घटकाभरापूर्वी ती पुरती जाम झाली, म्हणून आणखी लोकर. ते नमदा सरळ करायला उठले.

तिनं दातांतलं टोक सोडलं.

"हात नका लावू. भाजेल."

आगांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आवाज आहे म्हणजे तुला."

चारीच्या डब्यांना त्यांनी हातही लावला नव्हता. तिनं आधी त्यांना आपल्या डब्यातलं पाणी दिलं, टोपी परत त्यांच्या डोक्यावर ठेवली. काडीनं दोन्ही नमदे ओढून काढले. आतून ते जळून तपकिरी झाले होते, धूर येत होता. गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि तासभर दोघं बसून राहिली. तिनं सांगितलं की बाहेरचं ऊन डोक्यावर पडतं, ते लोकर अडवते, पण इंजिन स्वतःच चूल आहे. चुलीला गोधडी घातली तर आग आतच कोंडते. आगा ऐकत होते, मधूनच मान हलवत होते. मग तिनं प्लग काढले, आत थोडं थोडं तेल सोडलं. गिअर टाकून गाडी मागेपुढे हलवली. सतराव्या का अठराव्या हिसक्याला पिस्टन सुटला.

"कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

सूर्य कलला होता. चारीकडचं पाणी आज संपणार होतं, तेव्हा आगांना पुढे जाणं भाग होतं. गाडी चालू झाली, घोगरी, पण चालू. ते बसले. सावकाश जाईन, म्हणाले, दर पाच किलोमीटरवर थांबेन. जळके नमदे त्यांनी घडी करून साइडकारमध्ये ठेवले.

"त्या दोघा शेजाऱ्यांना मी सांगतो," ते म्हणाले. "खूळ माझंच. तुझा काय दोष? रीतीनं तुझं तोंड बांधलेलं. तू बोलणार कशी?"

ते तिला मोकळं करत होते. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उंटिणीची दोरी तिच्या हातात होती.

"आगा, रीतीमुळे नाही," ओगुलमाया म्हणाली. "आईंच्या कानात सांगता आलं असतं. पहिल्या दिवशीच सांगता आलं असतं. तुम्ही माझ्या कामाला चांगलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून गप्प राहिले."