दुर्बिणीची बंदूक

रकाना १. परवानाधारकाचे नाव.
सखाराम धाकू मांडवकर, निवृत्त पोस्टमन.

रकाना २. शस्त्राचा प्रकार.
एकनळी बारा बोअर.

साहेब, एवढ्या उत्तराला तुम्ही अर्धा इंच जागा ठेवलीत. मला पुरली. माझ्या पुतण्याला पुरली नसती. बंदूक कुठली घ्यावी हे ठरवायला त्याला भाद्रपद ते दसरा लागला, आणि त्यातला निम्मा वेळ तो माझ्या पडवीत माझाच चहा पीत होता.

पुतण्या म्हणजे हरिश्चंद्र. बावीस वर्षं बोटीवर फिटर. गेल्या साली, चौऱ्याऐंशीत, कायमचा घरी आला तो रबरी बूट, थर्मास आणि जगातलं सगळं ज्ञान घेऊन. जन्मात त्याने मारलेलं सर्वात मोठं जनावर म्हणजे बोटीवरचा उंदीर, तोही पाना फेकून. डुकरांनी त्याची रताळी उलथून टाकली, तेव्हा त्याने शेतीसंरक्षणाचा परवाना काढला. इथपर्यंत ठीक. मग एका इंग्रजी मासिकाचं पान घेऊन आला. फोटोत एक गोरा माणूस बर्फात आडवा पडलेला, आणि त्याच्या बंदुकीवर दुर्बीण.

"तात्या, हिच्यातनं अर्ध्या मैलावरचं जनावर दिसतं."

"आपल्याकडे अर्ध्या मैलावर काय आहे?"

"काय?"

"धोंडूची वाडी. तो परसाकडला बसलेला दिसेल. त्याला मारणार?"

त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको विमला आतून हसली. त्याने पानाची नीट घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी परत तेच पान.

(इथली जागा संपली. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो.)

रकाना ३. शस्त्र कशासाठी हवे.
डुकरांपासून भात राखण्यासाठी.

छापील प्रश्नाला छापील उत्तर. पण तुम्ही कधी आमच्या डोंगरात आला नाहीत, म्हणून सांगतो. आमची सगळी उतरण करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली. हाकारे डबे वाजवीत खालून वर येतात. वर, डुकरांच्या वाटांवर, बंदूकवाले बसतात. त्या जागांना आम्ही बसण्या म्हणतो. जाळीतून डुक्कर निघतं तेव्हा ते बैलगाडीच्या लांबीवर असतं. दुर्बिणीतून त्याच्या काय पापण्या मोजायच्या? शिवाय रायफलीची गोळी डुकरातून निघून पुढे जाते, आणि पुढे हाकारे असतात. त्यांना बायकामुलं असतात. छर्रे बिचारे जवळच दम सोडतात.

कोण कुठे बसणार हे वीस वर्षं मी सांगतो. व्हाळाच्या, म्हणजे आमच्या ओढ्याच्या, तोंडाशी पहिली बसणी आहे. दहातली सात डुकरं तिथूनच जातात. ती माझी. मला ती कुणी दिलेली नाही आणि मी ती कुणाला देणार नव्हतो. पुढे जे झालं ते त्या जागेपायीच झालं. आताच लिहून ठेवतो, म्हणजे चौकशी करत बसू नका.

(रकाना ४ कचेरीने भरायचा आहे, तो सोडला.)

रकाना ५. गेल्या तीन वर्षांत वापरलेली काडतुसे व त्यांचा उपयोग.
चार. डुक्कर. डुक्कर. फणसाचे झाड. हवा.

फणस गेल्या मार्गशीर्षातला. डुक्कर त्याच्या बाजूने चालत गेलं. धावतसुद्धा नव्हतं. मी म्हणालो, काडतूस सर्दावलेलं होतं. हाकाऱ्यातला केरू म्हणाला, "तात्या, सर्दावलेलं काडतूस उडत नाय. तुमचं तर मस्त उडालं. फणसाला विचारा." केरूला अक्कल नाही, असं मी त्याच वेळी चारचौघांत सांगितलं.

रकाना ६. शस्त्र कोठून घेतले.
माझे वडिलांकडून. पण इथे हरिश्चंद्राचं सांगायला हवं.

आम्ही रत्नागिरीला गेलो. बंदुकीचं दुकान दादूशेठचं. गिऱ्हाईक पहिलीच बंदूक घेतंय हे त्याला त्याच्या बुटांवरूनच कळलं. दोननळी, एकनळी, सरकारी कारखान्याची रायफल, सगळं त्याने काचेवर मांडलं. शेवटी एका मखमली पिशवीतून दुर्बीण काढली. कुणी बोटीवरचाच माणूस विकून गेला होता.

"रायफल आणि ही, दोन्ही घ्या," दादूशेठ म्हणाला. "नातवंडांना पुरेल."

"तोवर हाकारे पुरायला हवेत," मी म्हणालो.

हरिश्चंद्राने रायफल खांद्याला लावली. डावा डोळा मिटायचा तो उजवा मिटला. दादूशेठ भला माणूस, त्याने छताकडे बघितलं.

"तात्या, स्वस्तातली एकनळी घेऊन पस्तावलो तर?"

"पस्तावशीलच. पण कमी पैशात पस्तावशील."

"तुम्ही ही बघा तरी, पोस्टमन," म्हणत दादूशेठने दुर्बीण माझ्या हातात दिली.

मी ती डोळ्याला लावून दाराबाहेर धरली. त्याचं मन मोडू नये म्हणून. रस्त्यापलीकडे एका दुकानाची पाटी होती. पाटी आहे एवढं मला माहीत होतं, कारण दुकानावर पाटी असतेच. दादूशेठने एक कडं फिरवलं आणि पाटीवर अक्षरं आली. खालच्या ओळीतली बारीक अक्षरंसुद्धा. मी दुर्बीण वर केली. मिरकरवाड्याच्या बंदराच्या बाजूला एक डोलकाठी, डोलकाठीवर घार, घारीच्या पायात मासा, माशावर

खवले.

किती वेळ बघत होतो कोण जाणे.

"काय तात्या? कशी हाये?"

"धुरकट," मी म्हणालो. "आत बुरशी धरलेय."

हरिश्चंद्राने बघितलं. "मला तर साफ..."

"तुला सगळंच साफ दिसतं. रताळी गेली तेव्हा पण दिसत असेल."

त्याने दुर्बीण खाली ठेवली. बावीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस, आणि स्वतःच्या डोळ्यापेक्षा माझ्या तोंडावर विश्वास. अशा माणसाने बोटी कशा चालवल्या देव जाणे. जुनी एकनळी घेऊन आम्ही परतलो.

सल्ला बरोबर होता. कारण खोटं होतं. साहेब, याला तुमच्या कागदावर रकाना नाही.

घरी मथुराला, म्हणजे माझ्या बायकोला, दुकानातलं काही सांगितलं नाही. तरी ती म्हणाली, "अवो, डोळे दाखवा एकदा."

"मी तीस वर्षं पत्रं वाटली."

"शेवटची दोन वर्षं ती मीच लावून देत होते. कुणाला सांगितलं नाय म्हणून विसरलात काय?"

रकाना ७. शारीरिक दोष असल्यास.

(हा नंतर भरतो.)

रकाना ८. शस्त्रामुळे झालेला अपघात.
नाही.

थोडक्यात टळला. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हाकारा होता. भात पिकून वाकलेलं, डुकरं रोज व्हाळालगतच्या सोनूबाईच्या शेतात. मी बसण्या सांगितल्या. हरिश्चंद्र म्हणाला, "मी तात्यांच्या मागे बसतो. शिकेन." सगळ्यांनी माना डोलावल्या. बोटीवरच्या साबणाचा वास घेऊन तो माझ्या पाठीशी बसला. डुकराला कळवायला दुसरं काही लागलं नसतं.

खाली डबे वाजायला लागले. वाजत वाजत वर आले. समोरची जाळी हलली आणि काहीतरी काळं, बुटकं बाहेर आलं. मी बंदूक उचलली. नळीच्या टोकावर नेम धरायची माशी असते. ती मला वर्षभर दिसलेली नव्हती, पण सवयीने ती तिथे आहे असं धरून मी चालत होतो.

काळं थांबलं.

डुक्कर. किंवा केरू. केरू काळी घोंगडी पांघरतो आणि काट्यांखालून ओणवा निघतो. माझं बोट चापावर होतं. आणि पहिल्या बसणीवर बसून, बंदूक रोखून, मी एका फिटरला विचारलं:

"हरिश्चंद्रा, काय आहे रे ते?"

"डुक्कर! तात्या, डुक्कर! मारा!"

मी मारलं नाही. त्याने दुकानात माझ्या डोळ्यावर विश्वास टाकला होता. मला त्याच्या डोळ्यावर टाकता आला नाही. बंदूक मांडीवर घेतली. माझ्या खांद्याशेजारून त्याने स्वतःची उडवली. चुकीचा डोळा मिटलेला असणार, कारण छर्रे व्हाळाच्या चिखलात गेले. डुक्कर आमच्यामधून सोनूबाईच्या भातात उतरलं, आडवंतिडवं पळालं, पलीकडे गेलं. डुक्करच होतं. केरू चाळीस पावलं मागून डबा बडवीत आला.

सगळे जमले.

"काय तात्या," केरू म्हणाला, "आज पण सर्दावलेलं काय?"

हसले सगळे. सोनूबाई सोडून. ती भाताकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "डुक्कर आहे की तू, ते दिसलं नाही."

केरूने घोंगडी अंगावरून काढून हातात घेतली.

"मी?"

"तू. दोघांत फरक फार नाही, पण असतो."

मग हरिश्चंद्राकडे वळलो. आता बोलायला बसलोच होतो तर. "ती दुर्बीण साफ होती."

"माहीत हाये, तात्या. फिटर हाय मी. काचेत बुरशी कशी दिसते ते कळतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"दुकानात? त्या शेठच्या समोर?" तो बुटाने चिखल उकरत राहिला. "दादूशेठला पण कळलं होतं. त्याने ती गुपचूप पिशवीत घातली."

म्हणजे त्या दिवशी दुकानात तीन माणसं होती आणि मूर्ख एकच होता. मी दीड महिना त्या मूर्खाला भलत्याच बुटांत शोधत होतो.

"आणि एकनळी घेतलीस ती माझ्या मानासाठी?"

"नाय हो. ती परवडली."

रकाना ७. शारीरिक दोष असल्यास.
दिसत नाही. म्हणजे दोष दिसत नाही असे नव्हे. मला दिसत नाही.

रकाना ९. परवान्याचे नूतनीकरण हवे किंवा कसे.
नको. बंदूक कुठे आणि कोणाकडे जमा करायची ते कळवावे. पत्र मथुरा वाचेल.

रकाना १०. इतर माहिती.
परवा परत हाकारा झाला. बसण्या मीच सांगितल्या, ते काम डोळ्यांचं नाही. पहिल्या बसणीवर हरिश्चंद्र. दुसरीवर बाबू. हाकाऱ्यात केरू, धोंडू, सखाराम.

केरूने मला डबा दिला. जाळीत शिरलो. काटे बोचले तरी वाकलो नाही, ताठ चाललो, मथुराचं लाल लुगडं डोक्याला गुंडाळून. हरिश्चंद्र अजून उजवाच डोळा मिटतो. म्हणून डब्याच्या वरताण आवाज काढून, खालपासून वरपर्यंत, दर दहा पावलांना ओरडत गेलो:

"मी सखाराम रे! मेल्या, मी सखाराम!"