मोटर थांबली का?

चारशे बारा चाचण्या, सगळ्या पास. अंबरीशने अहवालावर सही केली होती आणि मदन महल भागातल्या एका छोट्या कारखान्याच्या फाटकाशी टेम्पो येऊन उभा होता. शिरेतून थेंबाथेंबाने औषध देणारे साठ पंप आज नागपूरच्या एका रुग्णालयाकडे निघायचे होते.

प्रणोतीला मात्र चैन पडेना. या चाचण्या खरंच काही पकडतात का? सकाळपासून ती पंपाच्या प्रोग्रॅमची नक्कल घेऊन तिच्यात मुद्दाम एकेक चूक पेरत होती आणि दर वेळी सगळ्या चाचण्या चालवून बघत होती. बऱ्याच चुका पकडल्या गेल्या, काही निसटल्या. मग तिने नळीत हवेचा बुडबुडा आल्यावर तो शिरेत जाऊ नये म्हणून मोटर थांबवणारी ओळच उडवली.

चारशे बारा पास.

तिने हाक मारली, "अंबरीशदादा, जरा इकडे या."

अंबरीश पडदा बघून चिडला. चाचण्या त्यानेच लिहिल्या होत्या. तिला कामही त्यानेच शिकवलं होतं. "ओळ तूच काढली ना? मग काहून घाबरून राहिली? असली प्रोग्रॅममध्ये आहे ती."

"आहे. पण ती काम करते, हे आपण कुठं तपासलं? अलार्म वाजला की आपली चाचणी खुश. मोटर थांबली का, कोणी विचारतच नाही."

खालून मालक गुणवंतजी ओरडले, "भैया, लोडिंग शुरू करें?"

"पाँच मिनट!" अंबरीशने खुर्ची ओढली आणि नवी चाचणी स्वतः लिहून खऱ्या पंपावर लावली. मोटर थांबली. त्याने सुस्कारा सोडला.

"आता बॅटरीवर," प्रणोती म्हणाली.

अलार्म वाजला. मोटर फिरतच राहिली. एक, दोन, तीन... सहाव्या सेकंदाला थांबली. बॅटरी वाचवण्यासाठी घातलेल्या कोडमुळे थांबण्याचा हुकूम रखडत होता.

अंबरीश उठला आणि जिना उतरला. प्रणोतीला खिडकीतून त्याचा आवाज ऐकू आला.

"माल नहीं जाएगा, गुणवंतजी. गलती मेरी है."

"अस्पतालवालों को क्या बोलूँ?"

"सच बोलिए."

बरीच आरडाओरड झाली. शेवटी टेम्पो रिकामाच परतला. अंबरीश वर आला, अहवालावरची सही त्याने खोडली.

"आणखी किती चुका निसटल्या?"

"आठ."

"दाखव."

पंप गेले, पण सोळा दिवसांनी.